२०२३ ची गाणी : सगळ्यात भारी कुठलं, सगळ्यात बेकार कुठलं? नंबर लावून द्या

घाटावरची_वाई

नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे, अर्ध्या वाईत, दोघी साताऱ्यात, एक कराडला, आणि आम्ही दरवर्षी गाण्यांची यादी लावतो, पण चालू वर्षाची नाही, मुद्दाम दोन-तीन वर्षं मागची. कारण डिसेंबरात बसून यादी केली की आत्ता आत्ता आलेलं गाणं उगाच वर चढतं, जानेवारीतलं कुणाला आठवतच नाही, आणि पैसे ओतून वाजवलेलं कुठलं अन् लोकांनी आपण होऊन म्हटलेलं कुठलं हे तेव्हा कळत नाही. यंदा २०२३ घेतलंय. मराठी आणि हिंदी एकत्र, सिनेमातलं आणि बाहेरचं पण चालेल.

माझ्याकडून एक नंबर शाहीर साबळ्यांवरच्या 'महाराष्ट्र शाहीर' सिनेमातलं 'बहरला हा मधुमास', यावर ग्रुपमध्ये वाद नाही. अजय-अतुलची चाल, गुरू ठाकूरचे शब्द, श्रेया घोषाल आणि अजय गोगावलेचा आवाज. रील झाले म्हणून म्हणत नाहीये मी, रील काय सगळ्याचेच होतात आणि महिन्यात विसरतात. हे गाणं अजून हळदीला लागतं, शाळेच्या गॅदरिंगला लागतं, महिला मंडळात लागतं, आणि मुख्य म्हणजे म्युझिक बंद केलं तरी म्हणता येतं. आमच्याकडं लाइट गेल्यावर बायकांनी नुसत्या टाळ्यांवर पूर्ण म्हटलेलं मी ऐकलंय, मुखडा पण आणि अंतरा पण. श्रेयाचा तो गुळगुळीत आवाज आणि त्याच्यावर अजयचा खरखरीत, दोन्ही एकाच ओळीवर आले की अंगावर काटा येतो.

दोन नंबर त्याच सिनेमातलं 'गाऊ नको किसना'. शाळेच्या वर्गात 'चंद्रा' म्हणताना ज्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला तो जयेश खरे, त्याचा आवाज आहे यात, आणि पोराच्या आवाजात ती जी विनवणी लागते ना ती मोठ्या गायकाला लागलीच नसती असं मला वाटतं. तीन नंबर 'बाईपण भारी देवा' मधली 'मंगळागौर', साई-पियूष. चार 'फिर और क्या चाहिए', पाच 'चलेया'. बेकारमध्ये 'शहजादा' मधलं 'कॅरेक्टर ढीला २.०' आणि 'सेल्फी' मधलं 'मैं खिलाडी', दोन्ही फेब्रुवारीतले रिमेक, एका आठवड्याच्या अंतरानं आले आणि दोन्हीत नवीन काय आहे हे मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

आता अडचण अशी की 'आमच्या पप्पांनी गणपती आणला' हे गाणं २०२२ चं आहे पण डोक्यावर घेतलं लोकांनी २०२३ च्या गणपतीत, मग ते कुठल्या वर्षात धरायचं? आणि 'वेड' सिनेमा ३० डिसेंबर २०२२ ला लागला, दोन दिवसांसाठी त्याची गाणी बाहेर काढायची का? मराठीतलं सगळ्यात बेकार कुठलं यावर तर आमच्यात कुणी तोंडच उघडत नाही, सगळ्या हिंदीवरच घसरतात. तुमची मतं द्या, कारणासकट द्या.

तासगाव_कीबोर्ड

ताई, यादी वाचली, पहिला नंबर मान्य. मी बेंजो पार्टीत कीबोर्डला असतो, गणपती, लग्नाच्या वराती, गावोगावच्या जत्रा, त्यामुळं माझा हिशोब रस्त्यावरचा आहे, घरात हेडफोन लावून ऐकायचा नाही. रस्त्यावर गाणं खरं आहे का नाही ते दोन मिनिटात कळतं. शब्द नसतात ना आमच्याकडं, गाणारा नसतो, नुसती चाल असते, आणि बेंजोची गंमत अशी की पट्टी दाबली की तेवढाच सूर येतो, एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं त्यावर नीट निघत नाही. म्हणजे श्रेयाच्या सगळ्या हरकती, मुरक्या गेल्या. त्या गेल्यावर जे खाली उरतं ती खरी चाल. 'मधुमास' मधल्या हरकती काढून टाकल्या तरी पहिल्या ओळीलाच पोरी पुढं येतात, हे मी किती वेळा बघितलंय. 'चलेया' चं तसं होत नाही, ते सगळं अरिजितच्या आवाजावर आणि मागच्या प्रोग्रॅमिंगवर उभं आहे, बेंजोवर वाजवलं की लोकं विचारतात हे कुठलं गाणं लावलंय. त्यामुळं पाच नंबर मला मान्य नाही, ऐकायला चांगलं असेल पण वर्षातल्या पाचात नाही.

'पप्पांनी' बद्दल बोलायचं तर वर्ष बिर्ष बाजूला ठेवा, २०२३ च्या गणपतीत आम्ही दुसरं काय वाजवत होतो सांगा. त्या साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तासगावचा रथ, सगळा तालुका रस्त्यावर, आणि बारकी बारकी पोरं बेंजोच्या गाडीपुढं येऊन हात करून तेच मागायची, वाजवून झालं की परत तेच. मोठी माणसं गाणं मागतात तेव्हा त्यात काहीतरी आठवण असते, मानपान असतो, कोण कुणाला दाखवायला मागतं, पण बारक्या पोराला ते काही नसतं, त्याला आवडलं म्हणून आवडलं. ते गाणं म्हणणारी पण पोरंच आहेत, माउली आणि शौर्य घोरपडे, म्हणून ते पोरांच्या तोंडात बसलं. गेल्या कित्येक वर्षांत गणपतीसाठी नवं गाणं आलं आणि ते आरतीच्या रांगेत जाऊन बसलं असं मला तरी दुसरं आठवत नाही. माझ्याकडून दोन नंबर, 'किसना' तीनवर.

बेकारमध्ये माझं मत 'अॅनिमल' मधलं 'जमाल कुडू'. रागावू नका कुणी. मूळ इराणी गाणं, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण आपल्याकडं जे आलं ते म्हणजे चार सूर आणि डोक्यावर ग्लास ठेवून नाच. वाजवायला सगळ्यात सोप्पं, आणि सगळ्यात लवकर वीट येणारं. एका वरातीत ते एवढ्या वेळा मागतात की ढोलवाला पोरगा पण मान खाली घालून वाजवतो.

विश्रामबाग_हॉस्टेल

वर्ष कुठलं धरायचं या प्रश्नावर थोडं लिहितो कारण हे फक्त आपल्याकडचं भांडण नाही. २०२३ मध्येच अमेरिकेत टेलर स्विफ्ट या गायिकेचं 'क्रुएल समर' बिलबोर्डच्या हॉट १०० वर, म्हणजे तिकडच्या गाण्यांच्या चार्टवर, एक नंबरला गेलं, ऑक्टोबर महिन्यात, आणि ते गाणं आहे २०१९ च्या अल्बममधलं. तेव्हा सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून सुटं, काढलंच नव्हतं, मग टूरमध्ये लोकांनी एवढं उचलून धरलं की कंपनीनं २०२३ ला सिंगल काढलं. त्याहून भारी म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात ब्रेंडा लीचं नाताळचं गाणं एक नंबरला गेलं, ते तर १९५८ चं. आणि 'नाटू नाटू' ला ऑस्कर मिळालं मार्च २०२३ मध्ये, सिनेमा मार्च २०२२ चा, गाणं बाहेर आलं नोव्हेंबर २०२१ ला. म्हणजे तीन वर्षांत तीन वेळा त्याच्यावर यादी लावता येईल.

माझं मत असं की चार्टवाले 'किती वाजलं' हे मोजतात त्यामुळं त्यांना रिलीजची तारीख लागतच नाही, पण आपण 'चांगलं कुठलं' हे ठरवतोय, त्याला काहीतरी कुंपण लागणार. मग नियम असा करा की गाणं लोकांनी पहिल्यांदा ज्या वर्षी उचललं ते त्याचं वर्ष. पहिल्यांदा हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर दरवर्षी गणपतीत तीच जुनी गाणी एक नंबर येतील. या नियमानं 'पप्पांनी' आत येतं, 'वेड' पण येतं कारण ३० डिसेंबरला लागलेला सिनेमा लोकांनी बघितला जानेवारीतच.

माझी यादी तुमच्यापेक्षा वेगळी आहे, मी हॉस्टेलला असतो आणि रात्री अभ्यासाला लावायची गाणी म्हणजे माझी गाणी. एक नंबर 'हीरिये', जसलीन रॉयल आणि अरिजित, सिनेमा नाही काही नाही, जुलैत नुसतं गाणं म्हणून आलं आणि पूर्ण पावसाळा आमच्या मजल्यावर वाजत होतं. दोन नंबर 'मधुमास'. इंग्रजीत मायली सायरसचं 'फ्लॉवर्स', जानेवारीत आलं. आणि 'चलेया' ची बाजू घेतो, बेंजोवर वाजत नाही म्हणून गाणं वाईट होत नाही दादा, अनिरुद्धनं ते बेंजोसाठी केलेलंच नाहीये. काही गाणी एकट्यानं ऐकायची असतात, त्यांना वरातीत नेऊन नापास करणं बरोबर नाही.

पोवई_नाका

मराठीतलं बेकार कुणीच सांगत नाही म्हणता ना, मी सांगतो. 'वेड लावलंय'. 'वेड' सिनेमातलं, विशाल ददलानी आणि अजय गोगावले, एवढे तगडे आवाज, पडद्यावर रितेशसोबत सलमान खान, सगळं सामान तयार, आणि गाणं म्हणून हातात काय आलं? सिनेमा आहे जळून गेलेल्या माणसाचा आणि त्याच्यासाठी थांबलेल्या बाईचा, आणि त्या सिनेमाचं दार म्हणून हे गाणं लावलंय. त्याच्या शेजारी 'सुख कळले' ठेवून बघा, तोच सिनेमा, तेच संगीतकार. 'सुख कळले' ऐकताना ती बाई दिसते, तिचं थांबणं दिसतं. 'वेड लावलंय' ऐकताना फक्त नाचणारे दिसतात. सगळ्यात वाईट गाणं म्हणजे सगळ्यात बेसूर गाणं असं मी धरत नाही, जिथं करता येण्यासारखं सगळ्यात जास्त होतं आणि झालं सगळ्यात कमी, ते सगळ्यात वाईट. नाहीतर बेसूर गाणी यूट्यूबवर रोज शेकड्यानं येतात, त्यांची यादी कोण करणार.

आणि भावा विश्रामबाग, तुझं 'हीरिये' चांगलंय पण एक नंबर म्हणजे लई होतंय. पहिल्या पाचात ठेव.

रिमेकवर मात्र मी ताईंच्या बाजूनं. 'कॅरेक्टर ढीला' प्रीतमचंच होतं २०११ ला 'रेडी' मध्ये, आणि 'शहजादा' चं संगीत पण प्रीतमचंच, म्हणजे स्वतःचंच गाणं परत शिजवायला घेतलं. 'मैं खिलाडी' तर १९९४ चं अनु मलिकचं. पण सगळे रिमेक एका मापानं मोजू नका. ऑगस्टमध्ये 'गदर २' आला, त्यात मिथूननं 'उड जा काले कावा' परत घेतलं तेव्हा उदित नारायण आणि अलका याज्ञिक यांचाच आवाज ठेवला, चालीची मोडतोड केली नाही. साताऱ्यात थेटरात ते लागलं तेव्हा माझ्या शेजारची सगळी रांग म्हणत होती, त्यात माझा बाप पण होता जो एरवी सिनेमाला यायचं नाव काढत नाही. जुनं गाणं परत आणायचं तर जुन्या माणसांना ते ओळखता आलं पाहिजे, एवढीच माझी अट.

पसरणीचा_डफ

मुलांनो, मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आहे, यादीबिदी लावायची सवय नाही, पण विषय आमच्या गावाचा निघाला म्हणून लिहितोय. शाहीर साबळे आमच्या पसरणीचे. ३ सप्टेंबर १९२३ चा जन्म, म्हणजे २०२३ हे त्यांच्या शताब्दीचं वर्ष, आणि त्याच साली १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, आवाज शाहिरांचा. त्याला तुमच्या यादीत घालू नका अशी विनंती. उभं राहून म्हणायच्या गाण्याला नंबर लावत नसतात. पण २०२३ बद्दल बोलताना ते विसरूही नका, कारण त्या वर्षी सकाळी शाळेत पोरं हे गाणं म्हणत होती आणि संध्याकाळी घरात त्याच शाहिरांच्या सिनेमातलं 'मधुमास' चालू असायचं. एका माणसाला शंभराव्या वर्षी असं दोन्हीकडून परत येताना मी दुसरं पाहिलं नाही.

'गाऊ नको किसना' दुसऱ्या नंबरावर ठेवलंय लेकी, ते मला पटलं, आणि तासगावच्या दादांना सांगतो की ते खाली सरकवू नका. शाहिरांचं नाव कृष्णराव, घरचा किसना. त्यांच्या गाण्याला घरून विरोध होता, पुढं शिकायला अमळनेरला गेले, तिथं साने गुरुजी भेटले, ही सगळी हकिकत आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेली. घरचं माणूस गाऊ नको म्हणतंय आणि पोराच्या गळ्यातून तेच गाणं होऊन बाहेर येतंय, ही गोष्ट ज्यांनी चालीत बसवली त्यांनी मोठं काम केलंय. पोराचा आवाज घेतला हे तर फारच चांगलं केलं. गावात गाणारी पोरं अजून असतात, त्यांना घरी काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे.

अजून एक सांगतो, तुम्हाला नवल वाटेल. 'अॅनिमल' मधलं 'अर्जन वैली' यादीत घाला. सिनेमा मला पटला नाही, एवढी मारामारी बघवली नाही, पण नातवानं गाणं वेगळं काढून ऐकवलं आणि मी त्याला परत लाव म्हटलं. भूपिंदर बब्बल यांचा आवाज. पंजाबात ढाडी म्हणून गाणारे असतात, ढड्ड नावाचं छोटं तालवाद्य आणि सारंगी घेऊन 'वार' म्हणजे वीरांच्या गाथा गातात. आपल्याकडं डफ आणि तुणतुणं घेऊन पोवाडा गातात ना, त्याचंच ते तिकडचं रूप. गाणारा श्वास न सोडता ओळ वर चढवत नेतो आणि शेवटी सोडून देतो, ती पद्धत मी डफावर आयुष्यभर ऐकलीय. भाषा कळली नाही तरी चालतं. एवढ्या मोठ्या हिंदी सिनेमात जुन्या लोकगायकीला कुणी पुढं उभं केलं, त्याचं मोल मला आहे. पहिल्या पाचात घाला.

तासगाव_कीबोर्ड

काका, नमस्कार. 'किसना' खाली सरकवलं ते आवडलं नाही म्हणून नाही, वरातीत ते वाजवता येत नाही एवढ्यासाठीच. तुम्ही सांगितल्यावर परत लावून ऐकलं, शेवटाकडं आवाज जो सुटतो तिथं बेंजो नाहीच पुरा पडणार, ते गळ्याचंच काम आहे. दोनवर ठेवा, 'पप्पांनी' तीनवर चालेल. विश्रामबागचं म्हणणं वाचलं, पण मी त्यात बदल करणार नाही, चार माणसात म्हणता येत नाही ते गाणं माझ्यासाठी वर्षाचं गाणं नाही. ज्याची त्याची पद्धत.

घाटावरची_वाई

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, रात्री ग्रुपवर सगळं वाचून दाखवलं. काका, तुमचा मजकूर तर दोनदा वाचला. राज्यगीत यादीच्या बाहेर, हे सगळ्यांना मान्य.

विश्रामबागचा नियम आम्ही घेतोय, लोकांनी पहिल्यांदा उचललं ते वर्ष. त्यामुळं 'पप्पांनी' आणि 'वेड' दोन्ही आत. एक 'मधुमास', दोन 'किसना', तीन 'पप्पांनी'. चारला 'सुख कळले' घेतलंय, पोवई नाक्यानं ज्या कारणासाठी ते नाव घेतलं त्याच कारणासाठी, श्रेयानं ते गाताना कुठंही जोर लावलेला नाही आणि तरी ते आत जातं. 'मंगळागौर' पाचला. तासगावच्या दादांच्या परीक्षेत ते बसतं की नाही माहीत नाही पण आमच्या परीक्षेत पहिल्यापासून पास आहे, त्या साली श्रावणात माझ्या काकूच्या ग्रुपमध्ये अशा बायका फुगडीला उठल्या ज्या गेली कित्येक वर्षं फक्त खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. सिनेमात सहा बहिणी स्पर्धेत उतरतात, त्यातल्या रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्तेंना नाचताना बघून यांना वाटलं की आपल्यालापण जमेल. गाण्यानं माणसं खुर्चीतनं उठवली, अजून काय पाहिजे. 'चलेया', 'हीरिये' आणि 'फिर और क्या चाहिए' सहा-सात-आठ, आपापसात कसेही लावा, त्यावर मी भांडणार नाही. 'घर बंदूक बिरयानी' मधलं 'गुन गुन' आणि 'नाळ २' मधलं 'भिंगोरी' कुणीच काढलं नाही याचं मला वाईट वाटलं, दोन्ही ए. व्ही. प्रफुल्लचंद्रची, ज्यांनी ऐकली नसतील त्यांनी ऐका, त्यांना मी नऊ आणि दहावर धरतेय.

बेकारमध्ये एक नंबर 'कॅरेक्टर ढीला २.०', दोन 'मैं खिलाडी', आणि तीनवर 'वेड लावलंय'. त्यावरनं ग्रुपमध्ये एकीनं फोन ठेवून दिला, पण मतं जास्त पडली.

राहिलं 'अर्जन वैली'. काका, माझी पूर्ण इच्छा आहे, पण 'अॅनिमल' लागला १ डिसेंबरला, मग नियमानं ते २०२४ मध्ये जातंय का? आणि तसंच 'जमाल कुडू' चं पण.

तासगाव_कीबोर्ड

ताई, 'अर्जन वैली' सिनेमाच्या आधीच आलेलं, नोव्हेंबरात. डिसेंबरातल्या लग्नात ढोलवाल्यांनी ते लगेच उचललं, नवरदेव मांडवात येताना तेच लावायला सांगायचे, मी स्वतः त्या वरातींमध्ये होतो. ते २०२३ चंच धरा, सहाला घाला, खालचे सरकतील. 'जमाल कुडू' चं मात्र खरं वेड जानेवारीनंतरच्या लग्नसराईत आलं, ते पुढच्या यादीत ढकला. तिथं फेब्रुवारीत 'गुलाबी साडी' आलेली आहे, त्या दोघांचं काय ते तेव्हा बघू.